दे इकडे

शिक्षण खात्याच्या बाई अकराच्या सुमारास येणार होत्या. त्यांना कुणाचं नाव द्यायचं ते घरच्यांनी आदल्या संध्याकाळी जेवता जेवता ठरवूनही टाकलं होतं. ज्या बाईचं काम त्या नावामुळे जाणार होतं, ती त्या वेळी शाळेच्या शेडमध्ये मुलांबरोबर बाकं ओढत होती. या घरात निर्णय असेच होतात. जो हजर नसेल त्याच्याविषयी आधी बोलतात, मग त्याच्या वतीने बोलतात, आणि ताटं उचलली जाईपर्यंत त्याचं मत काय असणार हेही ठरून गेलेलं असतं.

नाव धाकट्या मुलाचं ठरलं होतं.

शाळा आप्पांची. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या एका खोलीत त्यांनी ती सुरू केली आणि वाढवत वाढवत तीन मजल्यांवर नेली. खात्याला आता तिथे प्रशिक्षण केंद्र काढायचं होतं. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी इथे यायचं आणि मुलांकडून तंत्रज्ञानाचे नवे प्रकल्प कसे करून घ्यायचे ते शिकून जायचं. केंद्र कोण चालवणार, एवढंच आज बाईंना सांगायचं होतं. हेच काम ताई, आप्पांची मधली मुलगी, वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये करत आली होती, कुणी सांगितलं नसताना आणि कुणी विचारलं नसताना. म्हणून तर खात्याची नजर इकडे वळली. आणि म्हणूनच आता ते तिच्या हातून काढून घ्यायची वेळ आली होती. चालायला लागलेली वस्तू या घरातले पुरुष दुसऱ्याच्या हातात फार वेळ राहू देत नाहीत.

वहिनी ऑफिसात पाहुण्यांसाठी पेले पुसत होती. समोर तिचा नवरा, आप्पांचा थोरला, शाळेचा अध्यक्ष, डाव्या हाताने चहा पीत होता. उजवा हात खिशात.

"हाताला काय झालं?"

"कुठे काय."

"मग बाहेर काढा की."

"दारात सापडला जरा."

"कुठल्या दारात?"

"अगं, दारासारखं दार. त्याचं आता नाव गाव सांगू?"

वहिनीने पेला उजेडाकडे धरून पाहिला. सकाळी उजाडता उजाडता हा माणूस 'फेरी मारून येतो' म्हणून बाहेर पडला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने आपणहून मारलेली ही पहिलीच फेरी.

"ताईंना सांगितलंत?"

"काय?"

"काल ठरलं ते."

"सांगू. बाई गेल्या की सांगू."

"म्हणजे नाव देऊन झाल्यावर."

"हे बघ, तू आता सुरू करू नकोस. काल तूच आधी म्हणालीस, भावजींचं नाव द्या म्हणून."

ते खरं होतं. 'भावजी निदान धुतलेले कपडे घालून येतात,' असं ती म्हणाली होती आणि सगळे हसले होते. तिलाही कारण होतं. ताई ऑफिसात शिरायची ती धाड पडल्यासारखी. कात्री न्यायची, चिकटपट्टी न्यायची, आणि एकदा ऐन उन्हाळ्यात टेबलावरचा चालू पंखा उचलून घेऊन गेली, कारण मुलांना मोटर आतून बघायची होती. 'विचारायचं तरी,' वहिनी म्हणाली, तर ताईचं उत्तर तयार होतं, 'विचारलं असतं तर तुम्ही दिला नसता.' दिला नसताच. पण म्हणून काय झालं?

तरी 'बाई गेल्या की सांगू' हे काही वहिनीच्या गळ्याखाली उतरेना. लग्नानंतर तिचं शिवणाचं दुकान बंद झालं तेही याच घरात, याच टेबलावर, असंच. ठरलं आधी आणि तिला कळलं नंतर, ते सुद्धा कुलूप आणायला कुणाला पाठवायचं याची चर्चा चालू असताना. तिने पेला ठेवला.

"कुठे निघालीस?"

"दार बघून येते. कुठलं आहे ते."

*

शेडमध्ये मधोमध आप्पांच्या दुकानाचं जुनं लाकडी काउंटर होतं. मुलं त्यावर काम करत. बाजूच्या खुंटीला हातमोज्यांची एक जोडी टांगलेली, भट्टीवरचे कामगार वापरतात तशी जाड, बोजड, बोटं नसलेल्या पंजासारखी.

ताई शिक्षकांचं प्रशिक्षण या मोज्यांपासून सुरू करायची. मुलाचं काम अडलं की मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो आणि तोंडातून निघतं, 'दे इकडे.' ज्याच्या तोंडून ते निघालं त्याने मोजे चढवायचे आणि तास संपेपर्यंत काढायचे नाहीत. मोजे घातल्यावर साधा स्क्रू उचलता येत नाही. मग नाइलाजाने मुलाला विचारावं लागतं, 'तुला काय वाटतं, कुठे अडलंय?' पहिल्या दिवशी शिक्षक हसायचे. दुसऱ्या दिवशी चिडायचे. आणि त्यानंतर कधीतरी त्यांच्या वर्गातली मुलं यंत्रं बनवायला लागायची.

'दे इकडे' हे मुळात आप्पांचं. त्यांच्या हाताला दुरुस्तीत तोड नव्हती, आणि धीर तर मुळीच नव्हता. थोरल्याने लहानपणी पकड धरली की दे इकडे. तार सोलायला घेतली की दे इकडे. ते इतक्या वेळा ऐकून पोराने हात खिशात घातले ते कायमचे, आणि पुढे अध्यक्ष झाला, कारण अध्यक्षाला फक्त बोट दाखवावं लागतं. धाकटा हुशार. तो हत्यारं चोरून गच्चीवर न्यायचा, तिथे शिकला, इंजिनीयर झाला आणि आता त्याची कंपनी शाळांना तयार यंत्रांचे डबे विकायची. ताईच्या हातात मात्र कुणी कधी काही दिलंच नाही, त्यामुळे काढून घ्यायचा प्रश्न आला नाही. ती बाजूला उभी राहिली आणि बघत राहिली. एवढं बघितलं की आंधळ्यालाही दिसेल, या घराला सोडून.

"ताई, एक सांगायचंय," वहिनी दारातूनच म्हणाली.

"पंखा परत दिलाय मी."

"पंख्याचं नाही. काल नाव ठरलं. भावजींचं."

ताईच्या हातातलं बाक सुटलं नाही. "सगळ्यांनी ठरवलं?"

"आप्पा काही बोलले नाहीत. हे हो म्हणाले. मीही म्हणाले."

"तुम्हीही?"

"हो. पंखा तुम्ही न विचारता नेला होतात."

ताईने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "रास्त आहे."

"एवढंच?"

"मग काय करू? रडायला बसू? खात्याच्या बाई येतील आत्ता. हे टोक धरा जरा."

वहिनीने इस्त्रीच्या साडीचा पदर खोचला आणि बाकाचं टोक धरलं. काउंटरवर एक पत्र्याचा डबा होता, त्यावर हिरवा आणि लाल असे दोन दिवे. पाचसहा मुलं त्याच्याभोवती उभी होती पण कुणी हात लावत नव्हतं. त्यांच्यातली चष्मेवाली मुलगी पहारा दिल्यासारखी डब्याच्या पुढ्यात.

"हे काय गं?" वहिनीने विचारलं.

"आवाजाचा दिवा. जेवणाच्या हॉलमध्ये लावायचाय. शांत असलं की हिरवा, गलका झाला की लाल. पण बाक सरकवलं तरी लाल होतो. कुणी बोललं नाही तरी."

"म्हणजे बिघडलाय."

"चुकतोय," चष्मेवाली म्हणाली. डॉक्टर नातेवाइकांना समजावतात तशी. "बिघडणं वेगळं. कुठेतरी काहीतरी चुकतंय, ते अजून सापडलं नाही. ते आम्ही पाहुण्या बाईंसमोर शोधणार. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"अगं बाई. आणि नाही सापडलं तर?"

"तर त्यांनाही शोधायला लावू," ताई म्हणाली.

धाकटा आला तो हे ऐकतच. अंगात कोट, बुटांना चकाकी. त्याने डब्याकडे पाहिलं आणि त्याचा हात आपोआप पुढे गेला. चष्मेवालीने खुंटीकडे पाहिलं. हात मागे आला.

"ताई, खरंच हा दाखवणार तू? चुकणारा?"

"तोच दाखवणार."

"जगात कुणी पाहुण्यांना चुकणारं यंत्र दाखवतं?"

"तुझी चुकत नाहीत?"

"चुकतात की. पण बंद डब्यात चुकतात."

ताईला हसू आलं. या भावाचा राग धरणं कठीण होतं. तो खोटं बोलायचाच नाही, फक्त खऱ्याचा फायदा घ्यायचा.

"मला कळलंय," ती म्हणाली.

"काय?"

"काल जेवणात काय होतं ते."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही?"

"भावजी, मी बाक धरलंय," वहिनी म्हणाली. "माझ्याशी नंतर बोला."

"ताई, तुला काढत नाहीये कुणी. शिकवणार तूच. फक्त कारभार माझ्याकडे."

"कारभार तुझा, या शेडच्या जागी काचेची खोली तुझी, तिच्यातले डबे तुझ्या कंपनीचे. मी काय करू, हजेरी घेऊ?"

"तू त्या शिक्षकांना बघितलंस का कधी? एकेका वर्गात किती मुलं कोंबलेली असतात. त्यांना वेळ नाही गं. त्यांना तयार वस्तू पाहिजे. बटण दाबलं, यंत्रमानव नाचला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, तास संपला. तू काय, सगळ्या शाळांना हातमोजे घालणार?"

"टाळ्या वाजवायला सर्कस आहे की. त्याला शाळा कशाला?" ताईने बाक जागेवर दणकन ठेवलं. "मी त्या शाळा बघून आलेय. तुझ्यासारख्यांनी विकलेली यंत्रं आहेत तिथे. कपाटात. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि कपाटावर फुलदाणी. मुलांनी हात लावला तर मोडेल म्हणून फोटो काढण्यापुरती बाहेर काढतात. मोडू दे ना. मोडल्याशिवाय त्याच्या आत काय आहे ते मुलांना कुणी सांगायचं, तुझ्या पुस्तिकेने?"

पुस्तिका धाकट्यानेच लिहिली होती आणि आत काय आहे ते तिच्यात नव्हतं.

"हे आप्पांसमोर बोल," तो म्हणाला.

"बोलणार नाही. दाखवणार आहे."

*

खात्याच्या बाई उंच होत्या, बुटांवर धूळ होती आणि चेहऱ्यावर आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या उद्घाटनांचा शीण.

"रिबीन कुठे आहे?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

"बरं झालं." आणि त्या सरळ मुलांच्या बाकावर बसल्या.

धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला मनातून वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटूनही आपलं खरं आहे याची खात्री होती. अशा चाचण्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. दिवा चुकेल, मुलं गोंधळतील, बाई घड्याळ बघतील, आणि मग तो पुढे होऊन सांभाळून घेईल. ताईला सांभाळून घ्यायचं त्याने पक्कं केलं होतं. आप्पा काउंटरच्या टोकाला खुर्चीत बसले होते, हनुवटी काठीवर. थोरला दारात, एक हात खिशात.

चष्मेवालीने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मुलं एका दमात ओरडली. लाल. मुलं गप्प झाली. हिरवा.

"छान," बाई म्हणाल्या, ज्या आवाजात त्या सगळीकडे छान म्हणत असाव्यात.

"आता चूक बघा," चष्मेवाली म्हणाली, आणि दोन मुलांनी काउंटरला लागून असलेलं बाक खेचलं.

हिरवा.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाक परत खेचलं, आता जोरात, काउंटरला धक्का बसेल असं. हिरवा. चष्मेवालीने स्वतः काउंटरला ढुशी दिली. दिवा हिरवागार, जागचा हलला नाही.

"बाई," ती ताईकडे वळून म्हणाली, "दिवा बिघडला."

"चालतोय की," खात्याच्या बाई म्हणाल्या.

"चालतोय म्हणूनच. कालपर्यंत बाक सरकवलं की लाल व्हायचा. आम्ही काही केलेलं नाही. आम्ही काही न करता तो बरोबर कसा होईल?"

खात्याच्या बाई पुढे वाकल्या. शेडमध्ये आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. "खरंच. कसा होईल?"

धाकटा भिंतीपासून सरळ झाला. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचंही यंत्र आपोआप सुधारलं असतं तर त्याने देवाचे आभार मानले असते आणि झाकण लावून टाकलं असतं. आणि ही पोरं नाराज होती, कारण त्यांची चूक चोरीला गेली होती. गच्चीवर पहिला रेडिओ उघडला तेव्हा त्यालाही असंच वाटायचं, बंद पडलेला आहे तोवर तो आपला आहे. मधल्या वर्षांत हे तो कुठे ठेवून आला होता?

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडेच बघतायत.

"मी नाही," तो म्हणाला.

"तू नाही तर कोण?" ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दुसऱ्या कुणाला येतं इथे? दिवा चालला म्हणजे माझी मुलं गप्प बसतील आणि तुझा कारभार सुरू, असंच ना?"

"ताई, मला दिवा चुकायलाच हवा होता. शपथेवर सांगतो. मी तुला सांभाळून घेणार होतो."

हे इतकं निर्लज्ज होतं की ते खरंच असणार हे ताईला कळलं.

"बघू," आप्पा खुर्चीतून म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

चष्मेवालीने खुंटीवरचे मोजे काढले आणि त्यांच्यापुढे धरले.

"आजोबा, नियम आहे."

"मला?"

"सगळ्यांना."

आप्पांनी मुलीकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. ताईने मुलीला थांबवलं नाही. आप्पांनी काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. मोजे चढले. खात्याच्या बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली आणि त्यांचे खांदे थोडे हलले.

मुलांनी झाकण उघडलं. आता त्यांना कुणाचीच गरज नव्हती. एक जण तारा एकेक करून मोठ्याने वाचत होता, दुसरी मान हलवत होती. ही आपली. ही आपली. मग थांबली.

"ही गाठ आपली नाही. आपली तार नुसती पिळलेली होती. हिला कुणीतरी कथील वितळवून डाख दिलाय."

"म्हणजे इथेच सैल होती," चष्मेवाली म्हणाली. "धक्का बसला की सुटत असणार. आता सुटत नाही." तिने डबा उचलून आप्पांपुढे धरला. "आजोबा, हे कुणी केलंय ते ओळखता येतं?"

आप्पांचे मोजे मांडीवर पडून होते. "वळव जरा. उजेडात धर. अजून." ते बराच वेळ बघत राहिले. "धाकट्याचं काम नाही हे. त्याचा डाख पातळ असतो, घाईचा. चोरून शिकलेल्याचा असतो तसा. इथे ढीग ओतलाय कथिलाचा. आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरलेल्या माणसाचा डाख आहे. आणि भाजलं असणार त्याला."

वहिनीने दाराकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली. "हात काढा बाहेर."

*

थोरल्याने हात बाहेर काढला. तर्जनीवर पट्टी होती, वेडीवाकडी, एका हाताने बांधलेली.

त्याला वाटलं होतं लाज वाटेल. सकाळपासून तो त्या लाजेची तयारी करत होता. पण आप्पांनी 'पहिल्यांदा हातात धरलेल्या माणसाचा डाख' म्हटलं तेव्हा त्याच्या आत उलटंच काहीतरी झालं होतं. आप्पांनी त्याचं काम ओळखलं होतं. वाईट म्हणून का होईना, त्याचं काम असं जगात काहीतरी होतं जे ओळखता येत होतं.

"मी केलं," तो म्हणाला.

"तू?" ताई आणि धाकटा एकदमच.

"काल मी खिडकीतून बघत होतो. तो दिवा सारखा लाल होत होता. मला वाटलं, बाईंसमोर असाच झाला तर..."

"तर मी हरले असते," ताई म्हणाली. "मग तुझं कामच झालं असतं. नाव तर तुम्ही ठरवूनच बसला होतात."

"नाव धाकट्याचं द्यायचं हे ठरलं होतं. परक्या माणसासमोर तुझी फजिती करायची असं नव्हतं ठरलं."

त्याच्या दृष्टीने यात काहीही विसंगत नव्हतं. या घरातल्या कुणाच्याच दृष्टीने नसतं. बहिणीच्या पायाखालची सतरंजी ओढायची, पण ती पडताना शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून खिडकी लावून घ्यायची.

"पण तुला येतं कुठे हे?" धाकटा म्हणाला. "तुला फ्यूज बदलता येत नाही, दादा."

"मागच्या बाकावर शिकलो. ही शिक्षकांना शिकवायची तेव्हा मी पाहणीला बसायचो ना."

"मला वाटलं चुका काढायला बसतोस," ताई म्हणाली.

"आधी तेवढ्यासाठीच बसायचो." तो पट्टीकडे बघत होता. "मग उठवेना."

एवढा वेळ चष्मेवाली डबा धरून उभी होती. तिला मोठ्या माणसांच्या या गोष्टीत काडीचा रस नव्हता.

"अध्यक्ष सर," ती म्हणाली, "पण आता आम्हाला कसं कळणार की चूक फक्त तिथेच होती? आणखीही कुठे असेल. आम्हाला आमची तार परत पाहिजे, होती तशी."

"बरोबर आहे. कुणीतरी काढा तो डाख."

"तुम्ही काढा. तुम्ही लावलाय."

थोरल्याने खात्याच्या बाईंकडे पाहिलं, की या काही बोलतील. बाई बाकावर सरकल्या आणि त्यांनी त्याला जागा करून दिली.

*

आप्पांना दिसत होतं ते सगळं चुकीचं होतं.

सोल्डरिंग आयर्न धरायची पद्धत चुकीची. कोपर हवेत. तापलेलं टोक तारेला लागतंय, कथिलाला लागतच नाही. एवढा मोठा माणूस, केस पिकलेला, आणि परीक्षेला बसल्यासारखा खांदे आवळून बसलाय. पोरं त्याला सांगत होती, 'सर, घाबरू नका,' आणि तो मान हलवत होता, आणि कथील काही हलत नव्हतं.

आप्पांच्या हातांना खाज सुटली. एका क्षणाचं काम होतं. घशापर्यंत आले ते दोन शब्द. आयुष्यभर ते विनासायास बाहेर पडले होते, आणि दर वेळी काम झालं होतं, चोख झालं होतं. काम झाल्यावर समोरच्या माणसाचं काय होतं ते बघायला आप्पा कधी थांबले नव्हते, कारण पुढचं गिऱ्हाईक उभं असायचं.

मोजे मांडीवरून उचलले गेले आणि हवेतच राहिले. त्या बोजड पंजांनी काय धरणार होते ते?

"तुला काय वाटतं?" आप्पा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "कुठून तापवावं?"

थोरल्याने मान वर केली. ताईचा हात तोंडाशी गेला. या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता.

"खालून?" थोरला म्हणाला.

"खालून का?"

"म्हणजे... ते वितळून खाली येईल. आपणहून."

"मग खालून."

त्याने खालून तापवलं. कथिलाचा तो ढीग आधी चमकला, मग ओघळला, आणि तार मोकळी झाली. चष्मेवालीने ती पूर्वीसारखी पिळली, झाकण न लावताच बटण दाबलं, आणि मुलांनी बाक खेचलं.

लाल.

"चुकला," मुलं ओरडली. त्या आरड्याने दिवा लालच राहिला, आणि मुलं आणखी ओरडली. थोरला सोल्डरिंग आयर्न हातात धरून त्यांच्यात उभा होता आणि हसत होता. वहिनीने त्याला असं हसताना लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

मग मुलांनी ती गाठ स्वतः पक्की केली, बाकीच्या तारा एकेक ओढून पाहिल्या, आणि दुसरी सैल तार सापडली तेव्हा चष्मेवालीने अध्यक्षांकडे असं पाहिलं की ते 'हो, बरोबर होतं तुझं' म्हणाले.

खात्याच्या बाई उठल्या. "मला एक नाव हवं होतं."

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. सांगायचं काम अध्यक्षाचं.

"ताई," तो म्हणाला. "हीच चालवेल. इथेच, या शेडमध्ये."

"ठरलं होतं तेच ना हे?" बाईंनी विचारलं. त्यांचे कान चांगले होते.

"नाही. काल मी हो म्हणालो होतो धाकट्याला. आज नाही म्हणतोय."

धाकट्याने कोट काढला आणि बाकावर टाकला. "मला विचारा तरी कुणीतरी," तो म्हणाला. "माझंही मत ताईलाच. पण माझे डबे पडून आहेत त्याचं काय करू?"

"पाठव," ताई म्हणाली. "स्क्रू ढिले करून पाठव. आणि पुस्तिका तुझ्याकडेच ठेव."

"माझ्याशिवाय ते उघडता येणार नाहीत तुला."

"मग तूही ये. मोजे घालून बसशील ना?"

बाईंनी आप्पांकडे पाहिलं. शाळा त्यांची होती, शेवटचा शब्द त्यांचा असतो हे त्या ऐकून होत्या. आप्पांनी एक मोजा वर केला, वर्गात बोट वर करतात तसा.

"माझं काही म्हणणं नाही. तिने तुम्हाला करून दाखवलंय." मग चष्मेवालीकडे वळून म्हणाले, "तास संपला का गं? काढू हे?"

"नाही आजोबा. अजून आहे."

वहिनी चहा घेऊन आली. सगळ्यांनी पेले उचलले. आप्पांनी दोन पंजांत पेला धरायचा प्रयत्न केला, तो निसटायला लागला, आणि वहिनी पटकन पुढे झाली. "आप्पा, द्या इकडे."

चष्मेवालीने खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"वहिनी," ताई म्हणाली, "केंद्रासाठी पहिली वस्तू मागवायची आहे. हातमोजे. पुष्कळ लागणार आहेत." पुढचं विचारणं तिला जड गेलं हे वहिनीला स्पष्ट दिसलं. "मागवू का?"

वहिनीने पेला आप्पांच्या पंजांत नीट बसवला आणि हात मागे घेतले.

"मागवा," ती म्हणाली. "विचारलंत म्हणून."